दोन वरमाया, एक पार्किंग लॉट

माझ्या मुलाच्या लग्नात मुलीकडचं कोणीही नव्हतं, आणि ही गोष्ट मला ऐन लग्नाच्या दिवशी, पार्किंगमध्ये कळली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा मुलगा एका मुलाशी लग्न करत होता, मग मुलीकडचे येणार कुठून? अगदी बरोबर. पण हे मला आधी कोणी सांगितलं का? नाही! नवरा इंजिनिअर, मुलगी डॉक्टर, मुलगा दिवसभर कॉम्प्युटरसमोर. एवढी शिकलेली माणसं घरात असून एकाच्याही डोक्यात हा विचार आला नाही.

निखिलने आम्हाला अनिकेतबद्दल सांगितलं तेव्हा मी रीतसर रडले होते. खोटं कशाला बोलू? मग अनिकेत घरी जेवायला आला, मागून मागून भरली वांगी खाल्ली, उठताना स्वतःचं ताट धुऊन ठेवलं, आणि माझं रडणं जे थांबलं ते थांबलंच. (आमच्या जावयाने आजवर चमचादेखील विसळलेला नाही. जावईबापू हे वाचत असतील तर त्यांनी अवश्य मनाला लावून घ्यावं!) पोरगा नागपूरचा, शिकायला म्हणून आला आणि इथेच अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये, गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला. गुणी, हसरा, फक्त आईचा विषय निघाला की गप्प.

त्याची आई म्हणजे निर्मलाताई. निवृत्त मुख्याध्यापिका. त्याने निखिलबद्दल सांगितल्यापासून मायलेकांचं फोनवर बोलणं म्हणजे ऊन, भाजी आणि आजीची तब्येत. बाकी विषय बंद. आणि मग लग्न ठरल्यावर एके दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "मी येते."

अनिकेत तडक आमच्याकडे आला. चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाला, "काकू, मला दुसरं काही नको. आईच्या समोर लग्न व्हायला पाहिजे, बस. आपल्याकडे तर हे कायद्याने होतच नाही. इथे होतं, तर तिने इथे बघायला पाहिजे." (इथेही राज्याच्या घटनेत जुनी बंदी अजून छापलेलीच आहे म्हणे, वरच्या कोर्टाच्या निकालाखाली दबून बसलेली. त्यामुळे उद्याचं कोणी सांगावं, आत्ताच उरकू, असं दोघांचंही चाललं होतं.)

निर्मलाताई येणार होत्या त्यादेखील चोरून. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्यापाशी नणंदेला बसवलं, आणि सगळ्यांना सांगितलं की अमेरिकेत भावाला भेटून येते. हा भाऊ, म्हणजे अनिकेतचा मामा, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला. तो त्यांना रात्रभर गाडी चालवून ट्रॉयला आणणार, संध्याकाळी परत नेणार, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. म्हणजे लग्न त्याच दिवशी आणि त्यांच्या डोळ्यांसमोर झालं तर झालं. नाहीतर त्या पुन्हा कधी येणार?

इथवर सगळं छान होतं. पोरांनी हॉल घेतला, जेवण सांगितलं, फुलं सांगितली, लग्न लावायला एक जज बाई ठरवल्या. माझ्यासाठी काही कामच उरलं नव्हतं! तेव्हा मी म्हटलं, "मानपानाचं मात्र तुम्ही बघायचं नाही. ते आम्ही मोठी माणसं बघू."

यामागे माझा एक जुना सल होता. आमच्या अनुजाचं लग्न पुण्यात झालं. मी मुलीची आई. दोन दिवस मी नुसती धावत होते. विहीणबाईंना चहा कमी गोड लागला, धाव. त्यांच्या मावसभावाला उशी कडक लागली, धाव. त्यांचे पाय धुताना पाणी गार लागलं म्हणून त्यांनी "स्सऽ" केलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो! त्याच दिवशी मी ठरवलं होतं, निखिलच्या लग्नात मी वरमाय. जागची हलणार नाही. दारात गाडी थांबेल, मुलीकडचे ताट घेऊन पुढे येतील, "या, या" म्हणतील, तेव्हाच माझा पाय खाली.

निर्मलाताईंशी माझा लग्नाआधी एकच फोन झाला. मी गोड आवाजात म्हटलं, "आमच्या काही अपेक्षा नाहीत हो."

त्या म्हणाल्या, "आमच्याही काहीच नाहीत नं."

"फक्त सगळं रीतीने झालं म्हणजे झालं."

"हेच म्हणणार होते मी. माणसाला दोन गोड शब्द, दारात स्वागत, बाकी काय लागतं?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" मी म्हणाले, आणि खूश होऊन फोन ठेवला. बाई किती समजूतदार, स्वागताचं आपणहून अंगावर घेतलं! पलीकडे त्यांनीही हेच म्हणत फोन ठेवला, हे मला नंतर कळलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मी पैठणी नेसले, नथ घातली. ह्यांना फेटा बांधला. तो एवढा उंच झाला की गाडीत हे मान वाकडी करून बसले. अनुजा गाडी चालवत होती. हॉलच्या दारासमोर तिने गाडी लावली, आणि उतरायला लागली.

"बस खाली!" मी म्हटलं.

"व्हाय?"

"आपण वरपक्ष आहोत. घ्यायला येतील."

"आई, कोण घ्यायला येणार?"

"येतील. अनिकेतकडचे."

पाहुणे येत होते, आत जात होते. मंडळातल्या कुलकर्णी काकूंनी काचेवर टकटक केलं. "अगं, आत नाही येत?" "येतो येतो, तुम्ही व्हा पुढे!" मी हसून म्हटलं. एसी चालू, इंजिन चालू, आम्ही तिघं देव्हाऱ्यातल्या देवांसारखे गाडीत बसलेलो.

निखिलचा फोन आला. "आई, वेअर आर यू?"

"बाहेर."

"मग आत ये ना!"

"तू अनिकेतकडच्यांना सांग, वरमाय आलीय."

"अगं, अनिकेतकडचं कोणी आलेलंच नाहीये! मामा फोन उचलत नाहीये. आणि जज म्हणतेय तिला बाराला निघायचंय, दुसऱ्या गावात दुसरं लग्न आहे. प्लीज, कम इनसाइड."

निर्मलाताई आल्या नाहीत? बाई नागपूरहून निघाल्या, अ‍ॅशबर्नला पोचल्या, आणि आता ऐन वेळी कच खाल्ली की काय?

हे म्हणाले, "चल, आपण आत जाऊ. त्या पोराजवळ कोणीतरी पाहिजे."

आणि इथे मी माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार विचार केला. मी म्हटलं, "अहो, आपण आत गेलो आणि मागून त्या आल्या, तर दारात कोण उभं असेल? आपण! म्हणजे आपणच त्यांचं स्वागत करणार! म्हणजे आपण झालो मुलीकडचे! ते काही नाही, त्या आत गेल्याशिवाय मी उतरायची नाही."

"त्या आल्याच नाहीत तर?"

"येतील!" मी म्हटलं, पण आता माझंच लक्ष सारखं रस्त्याकडे जात होतं.

तेवढ्यात अनिकेत बाहेर आला. क्रीम रंगाची शेरवानी, कपाळावर घाम. दाराच्या पायऱ्यांवर उभा राहून रस्त्याकडे बघायला लागला. एखादी गाडी वळली की मान उंचवायचा. गाडी निघून गेली की पुन्हा फोन कानाला. मला बघवेना. मी दाराच्या हँडलला हात घातला. मग म्हटलं, आता उतरले आणि पुढच्याच क्षणी त्या आल्या तर? हात काढला. पुन्हा घातला. अनुजा आरशातून माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या पेशंटकडेही ती तशी बघत नसेल.

निखिल बाहेर आला. त्याने अनिकेतच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला. अनिकेतने मान हलवली. काच खाली केली तेव्हा एवढंच ऐकू आलं, "आईशिवाय नाही, यार. मी नाही उभा राहणार." दोघं आत गेले.

आता खरी कथा सांगते. निर्मलाताई आमच्याही आधी पोचल्या होत्या! मामाच्या फोनने त्यांना हॉलच्या मागच्या दारी नेलं होतं, जिथे जेवणवाल्याचा ट्रक उभा होता, त्या ट्रकच्या मागे. मामा म्हणाला, "ताई, चल आत." ताई म्हणाल्या, "अरे बाप्पा, असं कसं? आपण वरपक्ष नं. घ्यायला येतील." मामाने अनिकेतला फोन लावायला घेतला, तर ताईंनी तो काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "आपण कळवायचं नाही. ज्याला कदर आहे तो शोधत येतो." हॉलच्या पुढे एक वरमाय, मागे एक वरमाय, आणि मध्ये दोन नवरे, एक जज आणि सगळ्या पाहुण्यांना वाटलेलं पन्हं.

आणि मग हॉलचं दार उघडलं. एक उंच, गोऱ्या बाई, अंगात काळा झगा, चेहऱ्यावर हसू, थेट आमच्या गाडीकडे यायला लागल्या!

"आल्या!" मी म्हटलं. "बघा! स्वागताला जज पाठवली. याला म्हणतात रीत!"

मी पदर सावरला, नथ सरळ केली आणि सावकाश, वरमायेला शोभेल असा पाय खाली ठेवला. हात जोडले. जज बाईही हसल्या, म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी," आणि माझ्या बाजूने जाऊन शेजारच्या गाडीचं दार उघडून आत बसल्या.

"अगं," हे मान वाकडी ठेवूनच म्हणाले, "ती निघाली."

"निघाली म्हणजे?"

"म्हणजे लग्न राहिलं."

माझं नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. लोक सांगतात ते सांगते. जज बाईंची गाडी मागे येऊन वळली आणि बाहेरच्या रस्त्याला लागणार, तोच मी पैठणी पोटरीपर्यंत उचलून धावले आणि गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"नो गो!" मी ओरडले. (तीस वर्षं अमेरिकेत काढून हे माझं इंग्रजी!)

जज बाईंनी काच खाली केली. "मॅम, प्लीज मूव्ह."

"फाइव्ह मिनिट्स! मदर कमिंग!"

"मॅम, मी आधीच खूप वेळ थांबले. तिकडे दुसरं जोडपं वाट बघतंय."

हे फेटा सांभाळत पळत आले. "अगं, बाजूला हो! जजला अडवणं हा गुन्हा असेल इथे!"

"होऊ दे शिक्षा! तुम्ही तुरुंगात डबा आणा!"

पोरं धावत बाहेर आली, मागून अख्खं वऱ्हाड. आणि त्याच वेळी हॉलच्या मागून एक निळी गाडी वळून आली. बाहेर पडायचा रस्ता एकच, तो जज बाईंनी अडवलेला, कारण त्यांना मी अडवलेलं. निळ्या गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

"थांबा हो जरा!" मी मराठीतच खेकसले. "लग्न आहे माझ्या मुलाचं!"

गाडीची मागची काच खाली आली. आतून शुद्ध मराठीत आवाज आला, "ज्या लग्नात पाहुण्यांची ही तऱ्हा, तिथून आम्ही निघालो, बाई. वाट सोडा!"

"आई!" अनिकेत किंचाळला.

सगळ्यांच्या माना निळ्या गाडीकडे वळल्या. चंदेरी अंबाडा, मोतिया रंगाची साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. पुढे मामा स्टीअरिंगवर डोकं टेकून बसलेला. डोकं न उचलताच म्हणाला, "मी सांगत होतो, यार. मी कधीचा सांगत होतो."

अनिकेत खिडकीशी गेला. "आई, तू कुठे होतीस?"

"मागच्या दारी. कधीची बसून आहे. कुत्रंसुद्धा विचारायला आलं नाही. मुलीकडच्यांनी एवढं तरी..."

"मुलीकडचे?" माझा पारा चढला. "अहो, मुलीकडचे तुम्ही! आम्ही मुलाकडचे!"

"वा! मुलाकडचे आम्ही!"

"आम्ही!"

"ओ माय गॉड," अनुजा डोक्याला हात लावून म्हणाली. "यू आर बोथ मुलाकडचे!"

कोणी हसलं नाही. मीही नाही. मी निखिलकडे पाहिलं, अनिकेतकडे पाहिलं. दोन नवरे. दोघांच्याही कपाळावर मुंडावळ्या. अगं बाई! मी एवढे दिवस काय बघत होते?

पण निर्मलाताई उतरेनात. जज बाईंनी घड्याळ पाहिलं. अनिकेत नुसता "आई, चल ना, आई" म्हणत होता आणि त्या समोर बघत बसल्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही इथल्या. तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत आहे, त्यांनी अहेर आणलेत. मी घरी खोटं सांगून आले. नागपुरात मला कोणी या लग्नाची विहीण म्हणणार नाही. कायद्याने पोरांना मान्य केलं, बरं झालं. मला वाटलं, इथे तरी कोणी दारात येऊन मला 'या' म्हणेल. एकदाच."

मी मान मागत बसले होते माझ्या उशीचा आणि चहाचा हिशेब चुकता करायला. ह्या बाईंना नुसतं कोणीतरी ओळखायला हवं होतं. मला माझीच अशी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मी पुढे पाऊल टाकलं, आणि थबकले. मी हलले तर जज सुटणार!

"अहो!" मी ओरडले. "इकडे या. इथे उभे राहा. मेलात तरी हलू नका!"

हे माझ्या जागी गाडीसमोर उभे राहिले, फेटा कानावर, दोन्ही हात पसरून, दर दोन श्वासांनी "सॉरी, युअर ऑनर" म्हणत. मी निळ्या गाडीपाशी गेले. हातात ना ताट, ना निरांजन, ना कुंकू. (दोन्ही बाजू वरपक्ष! आणणार कोण?) मी दार उघडलं. म्हटलं, "निर्मलाताई, चुकलं आमचं. या, विहीणबाई. तुमच्या मुलाचं लग्न आहे. तुमच्यावाचून अडलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण हनुवटी मुख्याध्यापिकेची. "सगळ्यांसमोर म्हणता?"

"सगळ्यांसमोर म्हणते!" आणि मी वऱ्हाडाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "ह्या अनिकेतच्या आई. माझ्या विहीणबाई. नागपूरहून आल्यात!"

कुलकर्णी काकूंनी कोणी न सांगता टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. निर्मलाताई उतरल्या. माझा हात धरून उतरल्या आणि तो त्यांनी सोडला नाही. जज बाई हे सगळं आरशातून बघत होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं, झगा झटकून उतरल्या आणि म्हणाल्या, "आत जायला वेळ नाही. इथेच चालेल?"

"चालेल!" अख्खं पार्किंग ओरडलं.

मग दोन गाड्यांच्या मधोमध लग्न लागलं. अंतरपाट म्हणून मामाने उन्हासाठीचा गाडीचा चंदेरी पडदा धरला. अक्षता आत राहिल्या होत्या, त्या येईपर्यंत कुलकर्णी काकूंनी अर्धी मंगलाष्टकं संपवली होती. जज बाईंनी विचारलं, साक्षीदार कोण? आम्ही दोघी एकदमच पुढे झालो आणि एकमेकींना म्हणालो, "तुम्ही आधी." "नाही नाही, तुम्ही आधी." जज बाईंनी पेन सरळ निर्मलाताईंच्या हातात दिलं, आणि त्यांनी मराठीत, वळणदार अक्षरात सही केली. अनिकेत त्या सहीकडे बघून लहान मुलासारखा रडला. अनिकेत रडतोय म्हणून निखिल रडला. हे अजून गाडीसमोर हात पसरून उभे होते. त्यांना कोणी सांगायचंच राहिलं होतं.

संध्याकाळी त्या निघाल्या. दोन्ही पोरांच्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांत टिपूस नाही. गाडीत बसल्या, काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "नागपूरला याल तेव्हा सरळ घरी या. दारात मी असेन. नणंद असेल, सासूबाई असतील, शेजारी असतील. विचारतील नं, ह्या कोण? तर सांगेन, ह्या माझ्या विहीणबाई."

"नक्की सांगाल?"

"एरवी घरी जाऊन सांगायची हिंमत झाली नसती. पण तुम्ही जजला अडवलं. मी नणंदेला नाही अडवू शकणार?"

गाडी वळली, दिसेनाशी झाली. निर्मलाताई कोरड्या डोळ्यांनी गेल्या. निखिल-अनिकेत हसत हसत गाडीत सामान भरत होते. आणि मी, आयुष्यभर वरमाय व्हायची हौस धरलेली मी, पाठवणीला मुलीची आई रडते तशी पार्किंगमध्ये हमसून हमसून रडत होते. वास्तविक माझा मुलगा राहतो आमच्या मागच्या गल्लीत, आणि रोज रात्री दोघंही माझ्याकडेच जेवतात!